ठाण्याच्या तुरुंगातले पणजोबा: सरकारी कागदांत घरचा माणूस कसा शोधायचा

खारघरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचे पणजोबा इंग्रजांच्या राज्यात ठाण्याच्या तुरुंगात जेलर होते. घर मूळचं चिपळूणकडचं. घरात आज उरलंय ते एवढंच: गणवेशातला एक फोटो, एक रुपेरी पदक, १९३८ सालचा पेन्शनचा कागद आणि मोडीत लिहिलेली एक वही. आत्या सांगतात, नाशिकच्या कलेक्टरवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांना फाशी दिली त्या दिवशी ते कामावर होते आणि नंतर दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. "हे खरं मानायचं का? आणि त्यांचं आयुष्य शोधायचं तर सुरुवात कुठून करू? लंडनला लिहावं लागेल का?"

लंडनचं शेवटी बघू. तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या कचेरीचं, दप्तर आहे आणि ते अफाट आहे. पण नावानिशी सापडतात ते मुख्यतः विलायतेतून नेमणूक होऊन आलेले बडे अधिकारी आणि इथले ख्रिस्ती लोक. चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदींच्या नकला तिकडे पाठवल्या जात. मुंबई इलाख्याच्या नोंदी 'एन ३' या मालिकेत आहेत. ज्यांचा पूर्वज गोरा किंवा अँग्लो-इंडियन जेलर होता, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'ची सूची घरबसल्या फुकट चाळता येते, आणि ठाण्यात तुरुंगाजवळचं सेंट जेम्स चर्च १८२५ पासून उभं आहे. तुमच्या पणजोबांचा माग मात्र मुंबईत, पुण्यात, ठाण्यात आणि तुमच्याच कपाटात आहे. कपाटापासून सुरू करू.

पहिलं काम नाव शोधण्याचं नाही, पद ठरवण्याचं आहे. मी इतकी वर्षं लोकांना हे शोधायला मदत करते आहे, आणि तुरुंगखात्यातल्या पूर्वजाबद्दल घरात बहुतेक वेळा एकच शब्द ऐकू येतो, 'जेलर'. तुरुंगात उतरंड मोठी होती. सर्वांत वर सुपरिंटेंडेंट. तो बऱ्याचदा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर असे, जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जनकडेच ते काम असे. त्याखाली जेलर, मग डेप्युटी आणि असिस्टंट जेलर, कारकून, स्टोअरकीपर. पहाऱ्याकडे सुभेदार, जमादार, हवालदार, शिपाई. त्याच्याही खाली कैद्यांतूनच नेमलेले मुकादम आणि वॉर्डर. घरच्यांच्या तोंडी सगळेच 'जेलरसाहेब' होतात. यात कोणाला कमी लेखायचं नाही. पण प्रत्येक पदाचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून हे आधी कळायला हवं. राजपत्रित अधिकाऱ्याची नेमणूक, रजा, बदली 'बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट'मध्ये छापून येई. असिस्टंट जेलरची तशी येईलच असं नाही, आणि हवालदाराची तर नाहीच.

आता तुमचा १९३८ चा कागद घ्या. हाच तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा ऐवज आहे, पदकापेक्षाही. सरकारी नोकर तेव्हा वयाच्या ५५ व्या वर्षी निवृत्त होई. म्हणजे पणजोबांचा जन्म १८८३ च्या आसपासचा, निदान सरकारदरबारी लिहिलेला तरी. पेन्शनीच्या नोकरीत साधारणपणे पंचविशीच्या आत शिरावं लागे, म्हणजे १९०८ च्या आधी ते रुजू झाले असणार. कान्हेऱ्यांना फाशी झाली १९ एप्रिल १९१० ला. तेव्हा पणजोबा २७ वर्षांचे. या वयाचा देशी माणूस ठाण्यासारख्या मोठ्या तुरुंगाचा मुख्य जेलर असणं फार अवघड आहे. असिस्टंट जेलर किंवा कारकून असणं अगदी शक्य आहे. एका तारखेवरून एवढं निघतं. आत्यांची गोष्ट यात खोटी ठरलेली नाही हे लक्षात घ्या, तिला वयाची आणि पदाची चौकट मिळाली.

तोच कागद भिंग घेऊन पुन्हा वाचा. पेन्शनच्या कागदावर बहुधा वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण, उंची, अंगावरची ओळखीची खूण, शेवटचं पद आणि पेन्शन कोणत्या ट्रेझरीतून मिळायची ते असतं. वरच्या कोपऱ्यात किंवा समासात एखादा क्रमांक असेल. तो महालेखापालाच्या कचेरीने दिलेला पेन्शन ऑर्डरचा नंबर असू शकतो, तो वेगळा लिहून ठेवा. 'उजव्या भुवईवर व्रण' अशी एखादी ओळ दिसली की फोटोतला माणूस तोच की त्यांचा भाऊ, हेही ठरवता येतं. मी हे घडताना पाहिलंय. साठ-सत्तर वर्षं भिंतीवर पणजोबा म्हणून लावलेला फोटो धाकट्या पणजोबांचा निघाला होता.

फोटो फ्रेममधून काढा, पण घाई करू नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराकडे द्या. निघाला तर मागचा पुठ्ठा पाहा. त्या काळचे फोटोवाले पुठ्ठ्यावर आपलं नाव आणि गाव छापत. गाव धुळे असेल तर पणजोबांची तिकडे बदली झाली होती की नाही हे तपासायला जागा मिळाली. मग खांद्यावरची आणि पट्ट्याच्या बकलावरची अक्षरं मोठी करून बघा. मोबाइलने काढलेला चांगला फोटोही पुरतो, फक्त उजेड एका बाजूने तिरका पडू द्या म्हणजे उठावाची अक्षरं दिसतात.

पदक उलटं करून बघा. एका बाजूला राजा-राणीचे मुकुटधारी चेहरे आणि मागे फारसी अक्षरं असतील तर ते १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक. गडद निळ्या फितीवर दोन तांबडे पट्टे ही त्याची खूण. दरबाराला प्रत्यक्ष न गेलेल्या अधिकाऱ्यांनाही ते दिलं गेलं. अडचण अशी की त्यावर मानकऱ्याचं नाव कोरलेलं नसे. म्हणून पदक घरात आहे एवढ्यावरून 'पणजोबा दिल्लीला गेले होते' असं लिहू नका. रावसाहेब वा रावबहादूर किताब मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, कारण किताबांच्या याद्या नववर्षदिनी आणि बादशहाच्या वाढदिवशी 'गॅझेट ऑफ इंडिया'त छापल्या जात, नावानिशी.

नावावरून आठवलं. इंग्रजी याद्यांत मराठी माणूस शोधताना लोक आडनावाखाली पाहतात आणि निराश होतात. एकोणिसाव्या शतकात, आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही, आपल्या माणसांची नोंद अनेकदा स्वतःच्या नावाखाली होई: आधी नाव, मग वडिलांचं नाव, आणि आडनाव असलं तर असलं. म्हणून सूचीत तिन्ही अक्षरं पाहायची. त्यातही वासुदेव, विनायक, विष्णू ही नावं व्ही या अक्षराखाली नसतील तर डब्ल्यूखाली असतात. ठाण्याचं स्पेलिंग जुन्या कागदांत दोन-तीन प्रकारांनी येतं, धुळ्याचं आणि विजापूरचंही. संगणकावर शोधताना एकच स्पेलिंग टाकून 'काही नाही' म्हणू नका.

आता बदल्या. तुरुंग अधिकाऱ्याच्या आयुष्याचा कणा म्हणजे त्याच्या बदल्या, आणि त्या घरच्या बायकांना जितक्या पाठ असतात तितक्या कोणाला नसतात. आत्यांकडे बसा, पण 'आजोबा कुठे कुठे होते?' असं विचारू नका. कोणतं भावंड कुठल्या गावात जन्मलं, कोणाची मुंज कुठे झाली, कोणाला गोवर कुठे आला, कुठल्या गावचं पाणी सोसलं नाही, असं विचारा. 'थोरली काकी विजापूरला असताना आजारी पडली' या एका वाक्यात एक बदली असते. एक सावधगिरी मात्र हवीच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मगाव हे बापाच्या नोकरीचं गाव नव्हे, ते आईचं माहेर. दुसऱ्या-तिसऱ्या मुलापासून जन्मगाव बापाच्या बदलीशी जुळायला लागतं. परदेशी पद्धतीने वंशवृक्ष काढणारी मंडळी इथे नेहमी फसतात आणि माणसाला नसलेल्या गावी दोन वर्षं नोकरीला लावून देतात.

गावांची यादी करताना मुंबई इलाखा किती मोठा होता हे ध्यानात ठेवा. सिंध १९३६ पर्यंत याच इलाख्यात होता, गुजरात आणि धारवाड-बेळगाव-विजापूर होतेच, आणि १९३२ पर्यंत एडनही. आत्या 'कराची' किंवा 'हैदराबाद' म्हणाल्या तर दचकू नका. ते हैदराबाद बहुधा सिंधमधलं, निजामाचं नव्हे. गावांवरून सालही निघतं. नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंग १९२७ चा. घरात 'नाशिकरोडला क्वार्टर होतं' असं म्हणत असतील, तर ती गोष्ट त्यानंतरची.

मग शाळा. गावोगावच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असतं: मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात 'वडिलांची बदली' असं लिहिलेलं सापडलं की आजोबांच्या एका दाखल्यावरून पणजोबांच्या दोन बदल्या हाती लागतात, कुठून आणि कुठे. ठाण्यात असताना मुलं बी. जे. हायस्कूलला किंवा मो. ह. विद्यालयाला गेली असण्याची शक्यता मोठी. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात असेलच. तो आधी काढा.

एवढं झालं की माणूस कसा जगत होता हे समजून घ्यायला एक पुस्तिका वाचा: १८९४ चा तुरुंग कायदा. कोरडा वाटतो, पण पणजोबांचा दिनक्रम त्यात आहे. जेलरने तुरुंगातच राहायचं, सुपरिंटेंडेंटने लेखी परवानगी दिली तरच बाहेर. परवानगीशिवाय एक रात्रही बाहेर काढायची नाही. दुसरा धंदा करायचा नाही. कैद्याला काही विकायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, तुरुंगाच्या कंत्राटात हितसंबंध ठेवायचा नाही. डेप्युटी आणि असिस्टंट जेलरनाही वरिष्ठाच्या सांगण्यावरून जेलरची सगळी कामं करावी लागत आणि त्याच्यासारखीच जबाबदारी येई. तुमच्या आत्या तक्रार करतात ना, की आजोबा गणपतीला कधी गावी आलेच नाहीत? या कलमांकडे बघा. चिपळूणला जायचं तर रात्रीची परवानगी लागत होती. घरातले रुसवे कधीकधी कायद्याच्या कलमात उलगडतात, आणि मला या कामातला तो सर्वांत आवडता भाग वाटतो. माणूस तुसडा नव्हता, बांधलेला होता.

आणि त्यांच्याबरोबर कुटुंबही बांधलेलं होतं. तुमच्या पणजीबाईंनी तुरुंगाच्या आवारात संसार केला. पहाटेची घंटा, कैद्यांची मोजणी, दरवाज्यावरचा पहारा, हे सगळं त्या घराच्या उंबऱ्याशी होतं. ठाण्याचा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये पळाले ते याच किल्ल्यातून. बाजूला खाडी. खाडीकाठची दमट हवा आणि भोवती तटबंदी, यात लहान मुलं वाढली. पणजीबाईंबद्दल कागदांत एक ओळही सापडणार नाही बहुधा, म्हणून आत्यांना जे आठवतं ते आजच ध्वनिमुद्रित करा.

आता दप्तरखाना. खारघरहून हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून चालत काळाघोडा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र, अर्ज आणि कशासाठी बघायचंय याचं पत्र न्या. तुरुंगाचा कारभार त्या काळात न्याय खात्याकडे, म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटकडे होता, पुढे गृहखात्याकडे गेला. वर्षवार सूची असते. त्यात 'जेल्स' हा शब्द आणि ठाण्याचं नाव पाहायचं, व्हॉल्यूमचा आणि कंपायलेशनचा, म्हणजे त्यातल्या प्रकरणाचा, क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. राजकीय कैद्यांशी संबंधित कागद गृहखात्याच्या 'स्पेशल' शाखेत वेगळे आहेत, तेही इथेच.

सूचीत पणजोबांचं नाव शोधू नका, ते तिथे नसणार. सूची लिहिणाऱ्याने विषय लिहिलाय: 'ठाणे तुरुंगातून कैद्यांचं पलायन', 'तुरुंगात पटकी', 'आस्थापनेत वाढ'. तुमचा माणूस आहे तो फाइलच्या शेवटी, सोबत जोडलेल्या कागदांत. वर गव्हर्नर-इन-कौन्सिलचा ठराव, त्याखाली इन्स्पेक्टर जनरलचं पत्र, त्याखाली सुपरिंटेंडेंटचं, आणि अगदी तळाशी, हाताने लिहिलेला, 'असिस्टंट जेलर' म्हणून सही केलेला दोन पानी अहवाल. रात्री किती वाजता काय घडलं, कोणत्या बराकीत, कुलूप कोणी तपासलं. बहुतेक लोक ठराव वाचून फाइल बंद करतात. तळापर्यंत जा. तिथे तुमच्या पणजोबांचं स्वतःचं अक्षर असू शकतं.

आणि मनाची तयारी ठेवा. सरकारी दप्तरात कागद वाढतो तो काहीतरी बिघडल्यावर. कैदी पळाला, कोणी मेलं, मारामारी झाली, हिशेबात चूक आढळली, की चौकशी, जबान्या, खुलासे. तीस वर्षं नीट नोकरी केलेल्या माणसाची फाइल पातळ असते. त्यामुळे पणजोबा पहिल्यांदा भेटतील ते कदाचित कुठल्यातरी चौकशीत, 'ताकीद देण्यात आली' अशा ओळीत. एका ताकिदीवरून माणसाचं मोल करू नका.

याहून जड कागदही भेटतील. १८९४ च्या कायद्याने शिस्तभंगासाठी फटक्यांची शिक्षा ठेवली होती, जास्तीत जास्त तीस, आणि ती सुपरिंटेंडेंट व डॉक्टर यांच्या समक्ष द्यायची. बेड्या, एकांत कोठडी, कमी अन्न हेही होतं. पणजोबांच्या अहवालावरून एखाद्याला फटके बसल्याचं वाचावं लागेल. तेव्हा वाईट वाटेल, वाटायलाच हवं. त्या कैद्याचंही नाव तिथे असतं, गाव असतं, जात असते, आणि त्याच्याही घरी आज पणतू असतील. तुमच्या वृत्तांतात तो भाग गाळू नका एवढी माझी विनंती आहे. पणजोबांनी जे राज्य चाकरी म्हणून चालवलं त्याचा तो भाग होता. मला अनेक घरांत एक ओढ दिसते: पूर्वज इंग्रजांच्या तुरुंगात नोकर होता याची लाज वाटते, म्हणून तो 'आतून स्वराज्याचा' होता अशी गोष्ट तयार होते. काही होतेही. पण ते कागदावर किंवा कैद्याच्या साक्षीवर ठरायला हवं, आपल्या इच्छेवर नव्हे.

कैद्यांची साक्ष हा मोठाच खजिना आहे. आपल्याकडे राजबंद्यांनी भरपूर लिहिलं, आणि त्यांच्या लेखणीतून तुरुंग अधिकारी जिवंत उरले. अंदमानच्या डेव्हिड बारीला मराठी वाचक ओळखतो तो सावरकरांच्या आठवणींमुळे. आगाखान पॅलेसमध्ये १९४२ ते १९४४ या काळात गांधीजींवर देखरेख करणारे कटेली आणि तेव्हाचे तुरुंगांचे इन्स्पेक्टर जनरल कर्नल भंडारी, हे गांधीजींच्या पत्रव्यवहारात आणि सोबत्यांच्या टिपणांत पदोपदी भेटतात. पणजोबा १९३० ते १९३४ च्या सत्याग्रहांच्या काळात, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या आणि बहुधा वरच्या पदाच्या वर्षांत, ज्या तुरुंगात होते तिथल्या सत्याग्रहींची आत्मचरित्रं वाचा. पुस्तकात नाव नसेल, 'एक कोकणी जेलर' एवढंच असेल. तारीख आणि तुरुंग जुळला तरच तो आपला म्हणायचा, आणि तरीही 'बहुधा' हा शब्द ठेवायचा.

छापील साधनांत दोन नीट चाळा. एक, मुंबई इलाख्याच्या तुरुंगखात्याचे वार्षिक अहवाल. प्रत्येक तुरुंगात किती कैदी, किती मृत्यू, किती पलायनं, किती शिक्षा याचे तक्ते असतात, आणि पुष्कळ वर्षी शेवटी चांगलं काम केलेल्या अधिकाऱ्यांचा नावानिशी उल्लेख येतो. त्या दोन-तीन ओळींसाठी वर्षामागून वर्ष पाहायचं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने जुने सरकारी अहवाल मोठ्या प्रमाणावर स्कॅन केलेत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा संग्रह आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गृहखात्याच्या तुरुंग शाखेच्या फायली शोधता येतात. दोन, १९१९-२० च्या इंडियन जेल्स कमिटीच्या साक्षी. इलाख्याइलाख्यांतल्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं छापली गेली. पणजोबांची साक्ष नसली तरी त्यांच्या वरिष्ठांची असू शकते, आणि तेव्हाच्या जेलरचा पगार, काम, राहणी यांचं चित्र तिथे पहिल्या हाताचं मिळतं. वरिष्ठ डॉक्टर कोण होता हे कळलं तर क्रॉफर्डने १९३० मध्ये छापलेली इंडियन मेडिकल सर्व्हिसची यादी पाहा. त्यावरून हाच तो डॉक्टर, हे पडताळता येतं.

मराठी वर्तमानपत्रं विसरू नका. ठाण्यातून 'अरुणोदय' १८६६ पासून निघत होतं, इतरही पत्रं होती. गावातल्या अधिकाऱ्याची बदली झाली की पानसुपारी व्हायची आणि तिची चार ओळींची बातमी यायची: कोण अध्यक्ष, कोणी हार घातला, साहेब कुठे चालले. सरकारी गॅझेटात न येणारा असिस्टंट जेलर या चार ओळींत येतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, तिथे जाऊन जुन्या अंकांची चौकशी करा. खारघरहून ठाणं काही लांब नाही.

घराण्याकडून यायचं असेल तर दोन वाटा आहेत. तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर त्यात 'तुरुंगखात्यात नोकरी' अशी अर्धी ओळ असू शकते. ती घरच्यांनीच कळवलेली असते, म्हणून तिला पुरावा न मानता खूण माना. दुसरी वाट नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांची, आणि ती मला जास्त भरवशाची वाटते. तीर्थाला गेलेला यजमान उपाध्यायांच्या वहीत आपलं नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहून द्यायचा, पुष्कळदा स्वतःच्या हाताने आणि तारखेसह. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय वही काढतात. पणजोबांनी आईवडिलांच्या कार्यासाठी रजा काढून त्र्यंबक गाठलं असेल तर तिथे त्यांची मोडी सही असेल. ती तुमच्या वहीतल्या अक्षराशी ताडून बघा. मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, ते करा. स्वतः वाचण्याचा आनंद वेगळा, आणि आपल्या घरच्या वहीतलं अक्षर चार-सहा महिन्यांच्या सरावाने लागायला लागतं.

आता आत्यांची गोष्ट. कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये. अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली १९ एप्रिल १९१० ला. आपल्याला सिद्ध करायचंय ते एवढंच, की त्या दिवशी पणजोबांची नेमणूक ठाण्याला होती. त्यासाठी १९१० च्या मागच्या-पुढच्या दोन नोंदी पुरतात: त्या तारखेआधीची ठाण्यातली एक, नंतरची ठाण्यातलीच एक, आणि मध्ये बदली नसल्याची खात्री. आवारात राहणारा माणूस रजेवर नसेल तर त्या पहाटे तटाच्या आतच होता.

फाशीच्या ठिकाणी प्रत्यक्ष उभे होते का, हा वेगळा प्रश्न. त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे शिक्षा अमलात आली की अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने वॉरंटवर तसं लिहून, सही करून ते न्यायालयाकडे परत पाठवायचं असे. खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला होता, म्हणून वॉरंटचा माग तिकडे आणि ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या १९१० च्या कागदांत. सही सुपरिंटेंडेंटची असणार. कनिष्ठ अधिकाऱ्यांची नावं आलीच तर सोबतच्या अहवालात. पणजोबांचं नाव तिथे नसलं तरी गोष्ट खोटी ठरत नाही.

दोन दिवस न जेवल्याचा कागद कुठल्याच दप्तरात मिळणार नाही. ती आत्यांची साक्ष आहे आणि साक्ष म्हणूनच लिहायची: कोणी सांगितलं, त्यांना कोणी सांगितलं, कधी, कुठे बसून. आत्यांनी ते खुद्द आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल तर तिचं वजन मोठं. आजीकडून ऐकलं असेल तर आजी तेव्हा लग्न होऊन घरात आली होती का, हे आधी पाहा. घरातला मृत्यू, सुतक, एकादशी यांची सरमिसळ होऊन असे 'दोन दिवस' तयार होतात, तेही तपासा. आणि सगळं तपासून ती गोष्ट टिकली तर निःशंकपणे लिहा. २७ वर्षांचा एक मराठी नोकरदार, त्याच तटाच्या आत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा फाशी जातोय, आणि दोघांची भाषा एकच. त्या माणसाच्या घशाखाली घास उतरला नसेल, यावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही.

राहिला सरकारी अर्ज. सर्व्हिस बुक राजपत्रित नसलेल्या माणसाचं असे, कचेरीच्या प्रमुखाकडे राही आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी नष्ट होई, त्यामुळे ते मिळालं तर नशीब. तरी पुण्याच्या कारागृह मुख्यालयाला माहिती अधिकारात विचारा. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती देण्याला २००५ च्या कायद्याच्या कलम ८(३) मुळे फार थोडे अडथळे उरतात. 'माझ्या पणजोबांची सगळी माहिती द्या' असं लिहाल तर 'उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. नाव, वडिलांचं नाव, पद, निवृत्तीचं साल आणि पेन्शनचा क्रमांक द्या. १९०५ ते १९३८ मधलं सेवापुस्तक, ज्येष्ठता यादी किंवा पेन्शन नोंदवही यांपैकी काय आहे ते विचारा, आणि नसेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. ही शेवटची मागणी केली की निदान कपाट उघडून पाहिलं जातं.

म्हणून सगळ्यात आधी तो पेन्शनचा कागद. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घडी उलगडत नसेल तर जबरदस्ती नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चारही कोपरे वेगळे मोठे करून काढा आणि मला पाठवा. क्रमांक लागला की अर्जाचा मसुदा मी करून देईन.